रॉक अँड रोल: बोटीने आलं, विमानाने परत गेलं

पोटमाळा

१९५४ सालच्या जुलैतले दहा दिवस गेले काही महिने माझ्या डोक्यात घर करून बसले आहेत, म्हणून हा धागा.

४ जुलैला ब्रिटनमध्ये मांसावरचं रेशनिंग उठलं. महायुद्ध संपून नऊ वर्षं झाली होती, तरी तोवर मटण-बेकन कार्डावरच मिळत होतं. दुसऱ्याच दिवशी, ५ जुलैला, तिकडे अमेरिकेत मेम्फिसच्या सन स्टुडिओत ट्रक चालवणाऱ्या एकोणीस वर्षांच्या एल्विस प्रेस्लीने आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचं ‘दॅट्स ऑल राइट’ गायलं. आणि १३ जुलैला लंडनमध्ये डेक्का कंपनीच्या स्टुडिओत ख्रिस बार्बरच्या जॅझ बँडचं रेकॉर्डिंग चालू असताना त्यांचा बँजोवाला लॉनी डोनेगन गिटार घेऊन पुढे आला आणि त्याने ‘रॉक आयलंड लाइन’ म्हटलं. एरवी ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या बार्बरने डबल बास धरला, बेरिल ब्रायडन या गायिकेने कपडे घासायचा पत्रा वाजवला. ड्रम नव्हताच.

एकमेकांचं नावही ठाऊक नसलेली दोन गोरी पोरं, मध्ये अख्खा अटलांटिक, आणि आठवड्याभराच्या अंतराने दोघांच्याही तोंडी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. डोनेगनच्या गाण्याचा माग तर थेट तुरुंगात जातो. १९३४मध्ये लोकगीतं गोळा करत फिरणाऱ्या जॉन लोमॅक्स यांनी अर्कान्सासच्या तुरुंगात कैद्यांकडून ते मुद्रित केलं. त्या दौऱ्यात त्यांच्याबरोबर नुकताच लुइझियानाच्या तुरुंगातून सुटलेला लेड बेली होता. त्याने ते गाणं उचललं, स्वतःचं केलं आणि मग रेकॉर्डवर आणलं. १९४९मध्ये तो गेला. डोनेगनचं रेकॉर्ड १९५५च्या शेवटी सुटं बाजारात आलं आणि १९५६मध्ये ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या दहात पोचलं. अमेरिकेचं गाणं ब्रिटनमधून अमेरिकेला परत विकलं गेलं, तेही बीटल्सच्या आठ वर्षं आधी! डोनेगनला मात्र त्या रेकॉर्डिंगचं ठरलेलं किरकोळ मानधन मिळालं, रॉयल्टी नाही.

त्या गाण्याने ब्रिटनमध्ये जे पेटलं त्याला स्किफल म्हणतात. एक स्वस्तातली गिटार, आईचा कपडे घासायचा पत्रा, बोटांत शिवणाच्या टोप्या आणि चहाची रिकामी पेटी. पेटी उपडी घालायची, तिला झाडूचा दांडा लावायचा, दोरी ताणायची, की झाला बास. गावोगावी शाळकरी पोरांचे हजारो बँड उभे राहिले. त्यातलाच एक लिव्हरपूलचा क्वॉरीमेन, ज्यातून पुढे बीटल्स झाले. ६ जुलै १९५७ला वुल्टनच्या सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत तो वाजवत होता. सोळा वर्षांचा जॉन लेनन डेल-व्हायकिंग्ज या अमेरिकन गटाचं एक गाणं म्हणत होता, पण त्याला शब्द नीट माहीत नव्हते, म्हणून ब्लूजमधले तुरुंगाबिरुंगाचे शब्द भरून तो वेळ मारून नेत होता. समोर पंधरा वर्षांचा पॉल मॅकार्टनी उभा. त्याला ही युक्ती फार आवडली, असं त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे. नंतर पॉलने एडी कॉक्रनचं ‘ट्वेंटी फ्लाइट रॉक’ सगळ्या शब्दांसकट वाजवून दाखवलं आणि बँडमधली जागा पक्की केली. शब्द पाठ असणं हीच तेव्हा केवढी कमाई होती!

मला जे म्हणायचं आहे ते इथेच आहे. ब्रिटिश रॉक टंचाईतून घडलं. बीबीसीवर रेकॉर्ड किती तास वाजवायची यावर संगीतकारांच्या युनियनशी झालेल्या करारामुळे मर्यादा होती, म्हणून हिट गाणी तिथला वाद्यवृंद स्वतः वाजवून ऐकवायचा. खरी रेकॉर्ड ऐकायला रात्री रेडिओ लक्झेंबर्ग लावायचा, आणि नेमकं हवं ते गाणं लागलं की आवाज बुडायचा. डॉलर वाचवण्यासाठी अमेरिकन गिटारींची आयात १९५९पर्यंत जवळपास बंद होती. अमेरिकन वादकांनाच वाट बंद होती: १९३५पासून जवळपास वीस वर्षं दोन्हीकडच्या युनियनींच्या भांडणात अमेरिकन बँडना ब्रिटनमध्ये परवानगी मिळत नसे. १९५६मध्ये तोडगा निघाला तो वस्तुविनिमयासारखा. तुमचा एक बँड आमच्याकडे, आमचा एक तुमच्याकडे. अमेरिकेचा स्टॅन केंटन आपला बँड घेऊन ब्रिटनला आला, ब्रिटनचा टेड हीथ तिकडे गेला.

एवढं सगळं अडलेलं असल्यावर हाती लागलेली एक रेकॉर्ड माणूस किती वेळा ऐकेल? पॉल आणि पुढे बीटल्समध्ये आलेला जॉर्ज हॅरिसन गिटारवरची बी-सेव्हन ही एक कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) शिकायला बस बदलत शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले होते, कारण तिथल्या कुणाला तरी ती येते असं त्यांना कळलं होतं. आपल्याकडे कान तयार होणं म्हणतात, ते असंच होतं. अमेरिकेतल्या पोराला बटण फिरवलं की दहा स्टेशनं मिळत होती. जवळचं ऐकायची त्याला घाई नव्हती, आणि रेडिओच्या ज्या टोकाला कृष्णवर्णीयांची स्टेशनं होती तिथे अनेक गोऱ्या घरांत काटा जातच नव्हता.

तुमची मतं वाचायला आवडतील. विरोधातली सुद्धा.

साळुंकी

फार छान लिहिलंय. चहाच्या पेटीपाशी मी थबकले. आसाम-सिलोनचा चहा ब्रिटनला ज्यातून जायचा ती प्लायवूडची पेटी, कडांना पत्रा मारलेली. आमच्या आजोबांच्या दुकानात अशा पेट्यांत नंतर कांदे-बटाटे असायचे, कडेचा पत्रा हाताला कापायचा. बास म्हणून कुणी वाजवली असेल हे कधी मनात आलं नव्हतं.

तिसरी तार

मी वीसेक वर्षं गिटार वाजवतो, त्यामुळे तारांपुरतं बोलतो.

एडी कॉक्रन १९६०च्या सुरुवातीला जीन व्हिन्सेंट या दुसऱ्या अमेरिकन रॉक अँड रोल गायकाबरोबर ब्रिटनच्या दौऱ्यावर आला. तिथले वादक चक्रावले, कारण तो सुरांना जो ताण द्यायचा, तार ओढून सूर वर न्यायचा, ते त्यांच्या गिटारीवर जमेच ना. ब्रिटनमध्ये मिळणाऱ्या तारांच्या संचात तिसरी तार वेटोळं गुंडाळलेली, जाड असायची. कॉक्रनने ती काढून साधी, न गुंडाळलेली तार लावली होती. जो ब्राउन आणि बिग जिम सलिव्हन त्या दौऱ्यात त्याच्याबरोबर होते, त्यांनी हे बघितलं आणि लंडनच्या वादकांत ते पसरलं. एक तार! हे रेकॉर्ड ऐकून कळत नाही, शेजारी उभं राहूनच कळतं. १६ एप्रिलच्या रात्री ब्रिस्टलचा कार्यक्रम आटोपून लंडनला परतताना चिपनमपाशी त्यांची टॅक्सी धडकली आणि दुसऱ्या दिवशी बाथच्या रुग्णालयात कॉक्रन गेला. वय २१. माझ्या टोपणनावाचं कारणही हेच.

दुसरं, पोटमाळा यांच्या टंचाईच्या मुद्द्याला पुस्ती. १९५८च्या मार्चमध्ये अमेरिकन गायक बडी हॉली पंचवीस दिवस ब्रिटनभर वाजवत फिरला. त्याच्या हातातली फेंडर स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार तिथल्या पोरांना परग्रहावरची वस्तू वाटली. पुढच्या वर्षी ब्रिटिश गायक क्लिफ रिचर्डने त्याचा गिटारवादक हँक मार्व्हिनसाठी एक थेट अमेरिकेतून मागवली, ती ब्रिटनमधली पहिली मानतात. (क्लिफ लखनौचा. १९४० सालचा जन्म, १९४८मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं.)

आणि ॲम्प्लिफायर! फेंडर बासमन हा अमेरिकन ॲम्प महाग आणि दुर्मिळ. म्हणून लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या दुकानातल्या लोकांनी १९६२मध्ये त्याच्याच आराखड्यावर आपला बनवला. सुटे भाग मात्र जे ब्रिटनमध्ये मिळत होते ते, स्पीकर वेगळे, पेटी वेगळी. त्यामुळे आवाजच वेगळा निघाला, लवकर फाटणारा आणि जाडजूड. नक्कल करायला गेले आणि नवं वाद्य तयार झालं. चार वर्षांनी, सप्टेंबर १९६६मध्ये, सिॲटलचा गिटारवादक जिमी हेंड्रिक्स लंडनला उतरला, त्याने मार्शल हाती घेतला आणि पुढच्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या महोत्सवात तो आवाज अमेरिकेला ऐकवला. फेंडर कंपनीच्या कागदावरचा आराखडा असा फिरून घरी आला.

दर्यावर्दी

लेख आवडला. पण टंचाईचं चित्र थोडं जास्त गडद झालंय असं नम्रपणे सांगतो. मी मर्चंट नेव्हीत होतो, लिव्हरपूलला माझं जहाज अनेकदा लागलं, तिथल्या म्हाताऱ्या खलाशांशी बोललोय.

क्युनार्ड कंपनीच्या प्रवासी बोटींवर कामाला असलेले लिव्हरपूलचे पोरगे न्यूयॉर्कला उतरले की सूट, शर्ट, रेकॉर्ड घेऊन यायचे. गल्लीत त्यांना क्युनार्ड यँक्स म्हणत. जॉर्ज हॅरिसनने आपली काळी ग्रेच ड्युओ जेट गिटार १९६१मध्ये अशाच एका खलाशाकडून घेतली होती. टॉमी स्टील, लंडनचा पहिला रॉक अँड रोल तारा, तोही आधी बोटीवरच कामाला होता. अमेरिकन रॉक अँड रोल गायक बिल हेली सुद्धा फेब्रुवारी १९५७मध्ये ‘क्वीन एलिझाबेथ’ने साउदॅम्प्टनला उतरला आणि लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर एवढी झुंबड उडाली की वर्तमानपत्रांनी तिला वॉटर्लूची दुसरी लढाई म्हटलं. तेव्हा बोटीने आलं हे शीर्षक बरोबर.

पण सगळं काही खलाशांनीच आणलं ही दंतकथा आहे. डेक्काचं लंडन अमेरिकन नावाचं लेबल होतं. अमेरिकेतल्या लहानसहान कंपन्यांची गाणी ते रीतसर ब्रिटनमध्ये छापत होतं. चक बेरी, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, जेरी ली लुइस, सगळे त्यावर आले. बीटल्सने सुरुवातीला जी अमेरिकन गाणी उचलली त्यातली बहुतेक लिव्हरपूलच्या दुकानात मिळणाऱ्या ब्रिटिश रेकॉर्डवरची होती. दुकानात माल होता, पोरांच्या खिशात पैसे नव्हते.

आणि एक गोष्ट कुणीच म्हटली नाही. सक्तीची लष्करी सेवा. १९६०च्या अखेरीस तिची नवी भरती थांबली. १९४०नंतर जन्मलेल्या पोरांचे बँड अठराव्या वर्षी मोडले नाहीत, ते यामुळे.

पोटमाळा

दर्यावर्दी, मनापासून आभार. लष्करी सेवेचा मुद्दा माझ्याकडून सुटलाच होता. लंडन अमेरिकनचंही मान्य. मग टंचाई रेकॉर्डची कमी आणि पैशांची जास्त असं म्हणू या. पण ब्लूजच्या बाबतीत रेकॉर्डचीही होतीच. १७ ऑक्टोबर १९६१ला डार्टफर्ड स्टेशनवर कीथ रिचर्ड्सला लहानपणचा ओळखीचा मिक जॅगर दिसला, त्याच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या एलपी होत्या. जॅगर त्या शिकागोच्या चेस या रेकॉर्ड कंपनीकडून टपालाने मागवायचा. पुढे रोलिंग स्टोन्स बँडमध्ये एकत्र आलेले हे दोघं बोलायला लागले ते त्या रेकॉर्डमुळे. सहज मिळत असत्या तर काखेतल्या रेकॉर्डकडे कुणी पाहिलं असतं?

कडीपत्ता

सगळं वाचलं. मला मात्र या देवाणघेवाणीतला घेवाणीचाच भाग जास्त दिसतो, आणि तो टोचतो.

रेकॉर्ड समोर ठेवून शिकणाऱ्या या पोरांसाठी एकलव्याची उपमा कुणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगते: इथे गोष्ट उलटी आहे. अंगठा गुरूचा गेला. आर्थर क्रुडप यांचं नाव पोटमाळांनी एका ओळीत घेतलं. ज्या गाण्याने एल्विस घडला, त्याच्या हक्काचे पैसे मिळावेत म्हणून क्रुडप शेवटपर्यंत झगडले. पोटासाठी शेतमजुरी करत राहिले. १९७४मध्ये गेले, हाती जवळजवळ काही न लागता. ब्लूज गीतकार विली डिक्सन यांनी लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडवर ‘होल लॉटा लव्ह’साठी दावा लावला तो १९८५मध्ये, गाणं आल्यावर सोळा वर्षांनी. १९८७ला कोर्टाबाहेर तडजोड झाली. डिक्सनना निदान मिळाले, आणि त्यांनी इतर ब्लूज कलावंतांचे हक्क सोडवायला संस्था काढली. ज्यांच्याकडे वकील नव्हता त्यांचं काय?

ब्रिटिश पोरांनी मनापासून प्रेम केलं, हे मी नाकारत नाही. पण प्रेमाने भाडं भरता येत नाही.

साळुंकी

कडीपत्ता, +१. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

पोटमाळा

कडीपत्ता, तुमच्या म्हणण्यातला एकही शब्द मला खोडायचा नाही. पैशांचा हिशोब कधीच मिटला नाही. तरी परतीच्या खात्यात जे जमा झालं ते दाखवावंसं वाटतं, कारण ते देणारे-घेणारे दोघंही त्याला मोठं मानत होते.

मडी वॉटर्स ऑक्टोबर १९५८मध्ये ख्रिस बार्बरच्या निमंत्रणावरून ब्रिटनला आले, बरोबर पियानोवर ओटिस स्पॅन. तिथल्या रसिकांनी त्याआधी बिग बिल ब्रून्झीला ऐकलेलं, साधी गिटार घेऊन गाणारा. त्यामुळे ब्लूज म्हणजे शेतावरचं गाणं अशी त्यांची ठाम समजूत. मडींनी शिकागोसारखी इलेक्ट्रिक गिटार मोठ्याने वाजवली, तेव्हा काही जाणकार बिथरले. पुढच्या खेपेला मडी साधी गिटार घेऊन आले, तर आता पोरांना इलेक्ट्रिक हवी होती! चार-पाच वर्षांत कान एवढा बदलला. ऑक्टोबर १९६२मध्ये मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल आला तेव्हा जॅगर, रिचर्ड्स, ब्रायन जोन्स, जिमी पेज हे सगळे लंडनहून तिथे धावले होते.

आणि मे १९६४. बीटल्सना न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरून तीनच महिने झाले होते. ९ फेब्रुवारीला एड सलिव्हनच्या कार्यक्रमात त्यांना सात कोटींहून जास्त अमेरिकनांनी पाहिलं होतं. सगळं जग पश्चिमेकडे बघत असताना ग्रॅनडा टेलिव्हिजनने मँचेस्टरचं एक बंद पडलेलं स्टेशन, विल्ब्रॅहम रोड, अमेरिकेच्या दक्षिणेतलं स्टेशन वाटावं असं सजवलं. एका फलाटावर कलावंत, रुळांपलीकडच्या फलाटावर प्रेक्षक. ७ मेचा दिवस, धो धो पाऊस. सिस्टर रोझेटा थार्प घोडागाडीतून उतरल्या, लांब कोट घातलेला, पन्नाशीला आलेल्या. पाऊस बघून त्यांनी ठरलेलं गाणं बदललं आणि ‘डिड्न्ट इट रेन’ सुरू केलं. पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात, ओला फलाट, आणि मधल्या कडव्यात बोटं अशी चालली आहेत की पलीकडची पोरं टाळ्यांचा ताल चुकतात. हे चित्रण उपलब्ध आहे, जरूर बघा. चर्चमधलं भजन आणि विजेची गिटार यांची गाठ या बाईंनी १९४०च्या दशकातच घालून दिली होती, एल्विस शाळेत होता तेव्हा. १९७३मध्ये फिलाडेल्फियात त्या गेल्या, आणि त्यांच्या थडग्यावर कित्येक वर्षं नावाचा दगडसुद्धा नव्हता. ते चित्रण मात्र मँचेस्टरने जपलं.

आणखी एक. मे १९६५मध्ये रोलिंग स्टोन्सना अमेरिकेच्या ‘शिंडिग’ या टीव्ही कार्यक्रमात बोलावलं, तेव्हा त्यांनी ब्लूज गायक हाउलिन वुल्फना बरोबर आणायचा आग्रह धरला. चोपन्न वर्षांचे, सहा फुटांहून उंच वुल्फ गात आहेत आणि स्टोन्स त्यांच्या पायाशी बसून ऐकत आहेत, हे अमेरिकेतल्या गोऱ्या घरांनी त्या संध्याकाळी पाहिलं. ‘शिंडिग’ घडवणारा जॅक गुडही इंग्लंडचाच, ज्याने १९५७मध्ये बीबीसीवर पोरांसाठी ‘सिक्स-फाइव्ह स्पेशल’ सुरू केलं होतं.

कडीपत्ता

रोझेटा थार्प यांचं चित्रण आत्ताच पाहिलं. लगेच पुन्हा पाहिलं. पैशांबद्दलचं माझं मत तेच आहे, पण हे दाखवल्याबद्दल आभार. बीटल्सनी सप्टेंबर १९६४मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला, प्रेक्षक वर्णानुसार वेगळे बसवले तर वाजवणार नाही असं ठणकावलं होतं, तेही या खात्यात धरायला माझी हरकत नाही.

पाचगणीकर

अवांतर वाटलं तर क्षमा करा, पण आमच्या गावाचा धागा इथे जोडायलाच हवा.

झांझिबारचा एक पारशी मुलगा, फारुख बुलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात होता. १९५८च्या सुमारास, बारा वर्षांचा असताना, शाळेतल्या मित्रांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड केला. तो पियानोवर. लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, क्लिफ रिचर्ड यांची गाणी ही पोरं शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायची. म्हणजे लेनन-मॅकार्टनी लिव्हरपूलमध्ये जे कान देऊन उतरवत होते, तेच टेबललँडच्या पायथ्याशीही उतरवलं जात होतं. १९६३मध्ये तो झांझिबारला परत गेला, क्रांतीनंतर १९६४मध्ये कुटुंब इंग्लंडला आलं, आणि पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याच्या क्वीन या बँडचं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं पहिलं गाणं कुठलं? १९७९ सालचं ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’, फ्रेडीने लिहिलेलं, अगदी पन्नाशीच्या दशकातल्या एल्विसच्या ढंगातलं. मी ते ऐकतो तेव्हा मला शाळेचा हॉल आणि तो पियानो दिसतो.

साळुंकी

पाचगणीकर, अंगावर काटा आला. मग मीही एक सांगते. १९५७चं ‘इना मीना डीका’ आपल्या सी. रामचंद्रांचं, म्हणजे रामचंद्र चितळकरांचं. त्यातलं ‘माका नाका’ थेट कोकणीतलं. रॉक अँड रोलची चाल हिंदी सिनेमात एवढ्या लवकर, एवढ्या सहज आली, याचं बरंचसं श्रेय त्यांच्या वाद्यवृंदातल्या गोव्याच्या वादकांचं. त्यांचे हात आधीच जॅझवर बसलेले होते.

तिसरी तार

यावर वेगळा धागा काढा, साळुंकीताई. मी वाट बघतोय.

पोटमाळा

खरंच काढा. या धाग्यात माझ्याकडून एक शेवटची भर, दर्यावर्दी यांच्या लिव्हरपूलसाठी.

१२ ऑक्टोबर १९६२. मर्सी नदीपलीकडे न्यू ब्रायटनचा टॉवर बॉलरूम. बीटल्सचं पहिलं रेकॉर्ड येऊन जेमतेम आठवडा झालेला. त्या रात्रीचा मुख्य कलावंत लिटल रिचर्ड, ज्याची गाणी पॉल शाळेपासून घसा फोडून म्हणत आला होता. लिटल रिचर्डच्या त्या दौऱ्यात ऑर्गनवर लॉस एंजलिसमध्ये वाढलेला सोळा वर्षांचा एक मुलगा होता, बिली प्रेस्टन. बीटल्सशी त्याची ओळख तेव्हाची. सहा वर्षांनी, जानेवारी १९६९मध्ये, चौघांचं आपसात पटेनासं झालेलं असताना जॉर्जने त्याला लंडनच्या स्टुडिओत बोलावून घेतलं. तो इलेक्ट्रिक पियानोवर बसला आणि खोलीतलं वातावरण निवळलं. ३० जानेवारीच्या थंड दुपारी बीटल्सनी गच्चीवर वाजवलं, तेव्हाही तो त्यांच्याबरोबर होता. एप्रिलमध्ये ‘गेट बॅक’ आलं, तेव्हा रेकॉर्डच्या लेबलवर छापलं होतं: द बीटल्स विथ बिली प्रेस्टन.